न लिहिलेल्या पत्राची नक्कल

मुलाच्या ज्या पत्राला दादांनी उत्तर दिलं नाही, ते जेमतेम सात ओळींचं होतं.

'दादा, शनिवारी आमच्या बँडने पक्षाच्या मंचावर वाजवायचं ठरवलं आहे. बाकीचे तिघे तयार आहेत. मला वाजवावंसं वाटत नाही. पण अकरा वर्षं एकत्र काढल्यावर एका संध्याकाळसाठी मोडायचं का, तेही कळत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? शुक्रवारपर्यंत कळवा. जेवण वेळेवर करतो आहे.'

शेवटचं वाक्य त्याच्या आईसाठी असे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण वाक्य राहून गेलं होतं.

दादांनी पत्र दोनदा वाचलं, आलं होतं त्याच घडीवर मिटलं आणि कामाच्या मेजाच्या खणात, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यांखाली ठेवून दिलं. शुक्रवार आला आणि गेला. त्यानंतरचे तीन वर्षांतले सगळे शुक्रवारही असेच आले आणि गेले.

बापलेक बोलत नसत असं नव्हे. दर रविवारी चार वाजता फोन होई. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "हो." एवढं झालं की दोघांनाही आठवड्याचं कर्तव्य पार पडल्यासारखं वाटे. याहून मोठं काही असलं तर ते कागदावर. ही रीत घरात दादांच्या वडिलांपासून होती. ते पियानो सुरात लावायचे. पियानो लावताना माशीची गुणगुणसुद्धा त्यांना खपत नसे. घर वर, कारखाना खाली, मध्ये लाकडी जिना. खाली तारा ताणायची चावी फिरू लागली की वर बोलणं बंद. फार निकडीचं असलं तर चिठ्ठी. दादांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे धाकट्यांचं, लग्न असं चिठ्ठ्यांवर ठरलं. पुढे दोघा भावांचं दुकानावरून भांडण झालं तेव्हा ते पंधरा दिवस चाललं, एकदाही कुणाचा आवाज चढला नाही, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा चिठ्ठ्यांनी भरला. तो डबा अजून होता. त्यातल्या काही चिठ्ठ्या फार जहाल होत्या.

अशा घरात वाढलेला मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत बोललाच नाही, यात नवल नव्हतं. घरात त्याला घुम्या म्हणत. मोठा होऊन तो बँडमध्ये बेस गिटार वाजवू लागला, तेही नवल नव्हतं. ते वाजतंय हे लोकांना ते थांबल्यावरच कळतं. अकरा वर्षं तो मागे उभा राहिला. बँडच्या भित्तिपत्रकांवर त्याचं एक कोपर असायचं. गायकाच्या बुटांवर लेख आले होते. घुम्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

त्या शनिवारी तो मंचावर गेला नाही, आणि सोमवारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं.

पुढचं सगळं घराने टीव्हीवर पाहिलं. एका बाजूच्या लोकांनी त्याला गद्दार ठरवलं, दुसऱ्या बाजूच्यांनी डोक्यावर घेतलं. डोक्यावर घेणाऱ्यांनी महिन्याभरात त्याला आपल्या मंचावर बोलावलं, तर हा म्हणाला, तुमच्याही मंचावर वाजवणार नाही. आणि एक सांगतो, त्या पहिल्या पक्षाचा भाडेकरूंचा कायदा मला बरा वाटतो. मग यांनीही त्याला खाली आपटलं. आता दोन्हीकडचे लोक शिव्या देतात म्हटल्यावर वाहिन्यांना त्याच्याशिवाय करमेना. आठवड्याला एक कार्यक्रम, एक सदर, वर भाषणं. पूर्वी वाजवत होता तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता सगळे विचारत होते, फक्त वाजवायला कुणी सांगत नव्हतं. त्याची गिटार दादांच्या कारखान्यात भिंतीला टेकून उभी होती.

पण खरी गोम वेगळीच होती. पहिल्याच मुलाखतीत त्याला विचारलं, निर्णय कसा घेतलात? घुम्या म्हणाला, "माझे वडील पियानो लावतात. मी त्यांना विचारलं. त्यांनी पत्रात एकच वाक्य लिहिलं. जिथे सूर खरा लागत नाही, तिथे थांबू नये."

दादा तेव्हा चहा पीत होते. कप हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्तमानपत्रात आलं. महिन्याभरात सदऱ्यांवर आलं. एका शाळेने भिंतीवर रंगवलं. रस्त्यात अनोळखी माणसं दादांचा हात हातात घेऊन दाबू लागली. आयुष्यभर लोकांच्या दिवाणखान्यात मागच्या दाराने जाऊन आलेल्या माणसाला एकदम पुढच्या दाराने बोलावणी येऊ लागली, आणि तीही न लिहिलेल्या पत्रासाठी.

फक्त पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्या पियानोवाल्याने फोन केला आणि पोट धरून हसला. "काय हो, तुम्ही खरे सूर कधीपासून लावायला लागलात?"

तो हसणारच. पियानो लावणाऱ्या कुणालाही विचारा, त्यात सप्तक सोडलं तर सुरांची एकही जोडी पूर्ण खरी ठेवता येत नाही. प्रत्येक पंचम केसभर उतरवायचा, प्रत्येक गांधार थोडा चढवायचा. असं सगळ्यांचं थोडं थोडं बिघडवलं, तरच कुठूनही काहीही वाजवता येतं. एक जोडी अगदी खरी लावायचा हट्ट धरला, तर पलीकडची कुठली तरी लांडग्यासारखी ओरडते. दादांनी पंचेचाळीस वर्षं हेच केलं होतं. ते वाक्य त्यांच्या तोंडी घालणं म्हणजे स्वयंपाक्याच्या तोंडी 'मीठ घालू नये' हे वाक्य घालण्यासारखं होतं.

आणि आज, या रविवारी, सून, म्हणजे घुम्याची बायको, सकाळच्या गाडीने आली होती ती त्या पत्रासाठीच.

*

"बुधवारी यांचं पुस्तक छापायला जातंय, दादा," सून म्हणाली. ती वकिलांच्या कचेरीत कागदपत्रं लावायचं काम करी, आणि बोलणंही फाइल लावल्यासारखं असे. "गायक काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत ना? आता तो कलामंडळाचा अध्यक्ष आहे. म्हणाला, असं पत्र कधी नव्हतंच, असेल तर दाखवा. प्रकाशकांना पत्राचा फोटोच हवाय. आमच्याकडचं पत्र घर बदलताना हरवलं, असं हे म्हणतात. पण मी म्हटलं, दादा आधी कच्चं लिहितात, मग पक्कं. नक्कल असणारच."

कारखान्यात चौघं होती. दादा एका शाळेच्या पियानोपुढे. तो उद्या सकाळी न्यायला येणार होते. पुढचं दुकान सांभाळणारे धाकटे विकायला ठेवलेल्या स्टुलावर, म्हणजे जरा जपून. आणि दोघा भावांमधली बहीण, जिला सगळं घर आत्या म्हणे. त्या एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि खिडकीपाशी विणत बसल्या होत्या.

दादांनी तारांमध्ये नमद्याची पट्टी खोवली, चावी खुंटीवर बसवली आणि एक सूर वाजवला.

झालं. पियानो लागत होता. बोलणं बंद.

सून नवीन नव्हती. आठ वर्षं झाली होती लग्नाला. तिने पर्समधून वही काढली, पान फाडलं आणि दादांच्या पुढ्यात ठेवलं. 'नक्कल आहे की नाही?'

दादांनी दुसरा सूर वाजवला. दोन सुरांच्या मधली लाट, म्हणजे आवाजाचं थरथरणं, मोजली. चावी केसभर ओढली.

धाकट्यांनीही चिठ्ठी सरकवली. 'दादा, तो पियानो तू कालच लावलास.'

खिडकीकडून आत्यांची चिठ्ठी आली, लाल शाईत. 'आज तिसऱ्यांदा.'

दादांनी चावी खाली ठेवली.

"नक्कल नाही," ते म्हणाले.

"बरं, मग मूळ कुठे हरवलं असेल ते तरी..."

"मूळही नाही. मी पत्र पाठवलंच नाही त्याला."

सुनेने वही मिटली. मग म्हणाली, "पण ते वाक्य आमच्या पलंगाच्या वर फ्रेम करून लावलंय, दादा."

"तीन वर्षं तू त्याच्याखाली झोपतेस?" आत्यांनी विचारलं.

"माझी आई आली की हात जोडते त्याला."

धाकटे खाकरले. खरं तर त्यांना पहिल्या दिवसापासून संशय होता. दादा एका वाक्यात पत्र संपवील यावर त्यांचा विश्वासच बसला नव्हता. "हे बघा," ते म्हणाले, "आता कुणी कुणाला काय म्हणाला, ते मागचं झालं. प्रश्न आहे बुधवारचा. मी काय म्हणतो, दादा, तू हयात आहेस. तुझा हात चालतो. अक्षर तुझंच, मुलगा तुझाच, आणि वाक्य तर सगळ्या जगाने तुझंच धरलंय. लिहून टाक. एका ओळीचं तर काम आहे." आणि त्यांनी कोटाच्या आतून एक कोरा कागद काढला. दुकानाचा जुना छापील कागद होता तो, डोक्यावर पियानोचं चित्र. "हा मी शोधून ठेवलाय. तीन वर्षांपूर्वी आपण हेच वापरत होतो."

"शोधून ठेवलास?" आत्यांनी सुया खाली ठेवल्या. "कधी?"

"गायक बोलला त्याच दिवशी."

"शाबास. एकतीस वर्षं मी पेपर तपासले, धाकट्या. बाकाखाली चिठ्ठी घेऊन बसलेली पोरं मी खोकल्यावरून ओळखायची. तुझ्या तोंडावर आत्ता अगदी तोच भाव आहे."

"ताई, यात कॉपी कुठे आली? मूळच नाही तर कॉपी कशाची?"

"म्हणजे त्याहून वाईट!"

"दादा," सून मध्येच म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उद्या गायकाने सिद्ध केलं की पत्र नव्हतं, तर यांचं काही राहणार नाही. आता दोन्हीकडचे लोक शिव्या देतात, पण खोटारडा कुणी म्हणत नाही. तेवढंच आहे यांच्याकडे. बँड नाही, गिटार नाही. तेवढंच आहे." ती थांबली. "मला स्वतःला खूप राग आलाय त्यांचा. पण लिहा, दादा."

तीन तोंडं आणि दोन बाजू. दादांनी सवयीने हात चावीकडे नेला, मग परत घेतला. उठून मेजाचा खण उघडला, नमद्याचे तुकडे बाजूला केले आणि कागदांची एक जुडी काढली.

"नक्कल नाही," ते म्हणाले, "पण कच्ची आहेत. नऊ."

धाकट्यांचा चेहरा उजळला. "अरे, मग सांगायचं नाही का! जुनीच शाई, जुनीच तारीख! ताई, बघ, अस्सल आहे!"

"वाच," दादा म्हणाले.

धाकट्यांनी वरचा कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागले. "'चिरंजीव घुम्या, पत्र पोचलं. चौघं एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येकाने केसभर सोडायचं असतं. एका संध्याकाळने काही बिघडत नाही. मन मारून'..." त्यांचा आवाज हळूहळू उतरला. "'...मन मारून वाजव.'"

"पुढचं वाच," आत्या म्हणाल्या.

धाकट्यांनी दुसरा उलटला, तिसरा उलटला. "वाजव. हाही वाजव. यात तर 'गायक अनुभवी आहे, त्याचं ऐक' असं आहे."

त्यांनी कागद जुडीवर परत ठेवले. मग सून हसायला लागली. आधी हातात तोंड लपवून, मग उघड, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि ते पाणी हसण्याचंच आहे का, हे शेवटी शेवटी सांगता येईना.

"पाठवलं का नाहीस?" आत्यांनी विचारलं.

दादांनी चष्मा पुसला. "नऊ वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी वाटलं, हे मी त्याला सांगतोय की माझ्याच वागण्याची सफाई देतोय? मी कधी विचारलं नाही, या पियानोवर कोण वाजवणार आणि कोण ऐकणार. लावला, निघालो. तेच त्याला शिकवावं, असं वाटेना. आणि दुसरं काय शिकवावं, तेही सुचेना. तोवर शुक्रवार गेला."

"हे फाडून टाक," धाकटे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. गायकाच्या हाती पडलं तर तो फ्रेम करील."

आणि इथे आत्यांनी बाजू बदलली. त्यांनी नऊच्या नऊ कागद नीट वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "धाकट्या, तो जुना कागद इकडे आण."

"ताई?"

"करायचंच असेल तर धड करा. कोऱ्या कागदावर नवी शाई लगेच ओळखू येते. दोन दिवस खिडकीत ठेवायला हवा. घडी घाल, उलगड, पुन्हा घाल. आणि एकच वाक्य नको. दादा एका वाक्यात थांबत नाही, पकडले जाल. आधी पाऊसपाणी, तब्येत, मग वाक्य. पोराला वाचवायचंय ना? मग या वेळी मी बाकाखाली पाहिलंच नाही असं समजा."

"नको," सून म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. मघाशी लिहा म्हणणारी तीच होती.

"माझं ऐका. मघाशी मला वाटत होतं, पत्र नसलं तर यांचं काही राहत नाही. पण..." तिने जुडीकडे बोट दाखवलं. "हे बघून मला वेगळंच..." तिने वही घेतली, लिहिलं, खोडलं, वही बंद केली. "मला नाही सांगता येत."

तेवढ्यात वर फोन वाजला. चार वाजले होते.

*

फोन जिन्याच्या वरच्या टोकाला होता. दादा वर गेले. बाकीची तिघं जिन्याच्या खालच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली आणि आपण ऐकत नाही असं एकमेकांना दाखवू लागली.

"जेवलास का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

एरवी इथे फोन संपे. आज दोन्हीकडे कुणी ठेवला नाही.

"ती पोचली का?" घुम्याने विचारलं. टीव्हीवर हा आवाज भरभरून बोलायचा. आत्ता तो चार वर्षांच्या पोराचा होता, जे बोलायच्या आधी दोनदा गिळायचं.

"पोचली."

"काही... सापडलं का?"

"बघतोय."

"नसलं तर राहू दे, दादा."

"बघतोय म्हटलं ना."

बराच वेळ तारेतली खरखर ऐकू आली. दादांनी सवयीने तिचीही लाट मोजली.

"गिटार आहे ना तिथे?"

"आहे. तारा सैल करून ठेवल्यात. ताणलेल्या ठेवल्या की मान वाकते."

"तुम्ही केल्यात?"

"तू ती ठेवून गेलास त्याच आठवड्यात."

"बरं," घुम्या म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "बरं," असं पुन्हा म्हणाला.

दादा खाली आले तेव्हा तिघं आपापल्या जागी होती. फक्त धाकटे गडबडीत आत्यांच्या खुर्चीत बसले होते आणि विणकामावर बसले होते.

"लागू का कामाला?" आत्यांनी विचारलं. त्यांच्या हातात जुना कागद होता. त्यांनी त्याला दोन घड्या घातल्याही होत्या.

दादांनी तो घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आजची तारीख घातली.

"दादा!" धाकटे ओरडले. "तारीख चुकली!"

दादांनी मान वर केली नाही. ते लिहीत होते. पियानो लागत नव्हता, तरी कुणी बोललं नाही. एकदा सुनेने पाण्याचा पेला जवळ ठेवला. एकदा धाकट्यांनी चिठ्ठी सरकवली, 'निदान नीट विचार कर'. दादांनी ती वाचून खिशात ठेवली. अर्ध्या तासाने त्यांनी पत्र आत्यांपुढे धरलं, जणू शाळेत वही तपासायला द्यावी. आत्यांनी लाल पेन उघडलं, आणि मग मोठ्याने वाचायला लागल्या, मधूनच चष्मा पुसत.

"'चिरंजीव घुम्या, तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. तू विचारलं होतंस, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं. मी वाजवलं असतं. सोबत नऊ कच्चे कागद आहेत, त्यांत तेच आहे. पाठवायला धजलो नाही, इतकंच. तू माझ्या नावावर सांगतोस ते वाक्य माझं नाही. पियानोवाला असं म्हणत नाही, त्याला पोट भरायचं असतं. पण वाक्य चांगलं आहे आणि तुझं आहे. मला वाटतं, तुला उत्तर हवं होतं आणि ते आलं नाही, म्हणून तू ते स्वतःच लिहिलंस. बापाने सांगितलं म्हणून बँडमधून बाहेर पडलास, अशी लोकांची समजूत आहे. बापाने काही सांगितलं नाही तरी बाहेर पडलास, हे मला जास्त मोलाचं वाटतं. हे लोकांना सांगायला जड जाईल. दोन्हीकडचे हसतील, गायक तर नक्की. छापायचं असेल तर हेच छाप, माझी हरकत नाही. नऊही कागद छाप. नसेल छापायचं तर तसं. मी मात्र दुसरं पत्र लिहिणार नाही. येऊन गिटार ने, तारा तुझ्या समोर चढवू. शुक्रवारपर्यंत कळव. जेवण वेळेवर करतो आहे.'"

आत्यांनी पेन बंद केलं. एकही खूण केली नव्हती.

"शुक्रवारपर्यंत?" धाकटे म्हणाले. "दादा, पुस्तक बुधवारी जातंय!"

"माहीत आहे."

"म्हणजे त्याने बुधवारी छपाई थांबवायची?"

"त्याने काय करायचं ते त्याने ठरवायचं. मी कळव एवढंच म्हटलंय."

धाकट्यांनी आशेने सुनेकडे पाहिलं. सून नऊ कागद घडीवर घडी लावून पाकिटात भरत होती. पाकीट फुगलं. धाकट्यांनी सुस्कारा सोडला, दुकानात गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात तिकिटं होती. "जाड झालंय," ते चिडून म्हणाले, "एका तिकिटाने जायचं नाही. मग परत यायचं आणि तुम्ही म्हणणार, मीच अडवलं."

"मीच घेऊन जाते ना, दादा," सून म्हणाली. "रात्री हातात देईन."

"नको. पत्राला पत्राच्या वाटेने जाऊ दे. मंगळवारी पोचेल." दादांनी पायात चपला सरकवल्या. "तू त्याला आज काही सांगणार?"

सुनेने विचार केला. "जेवलात का, एवढंच विचारीन."

टपालपेटी कोपऱ्यावर होती, उतारावर, न्हाव्याच्या दुकानापुढे. या गावात रविवारीही टपालाची शेवटची गाडी पाच वाजता येई. न्हाव्याने दादांना पाहून काचेतून हात जोडले. त्याच्या आरशाच्या वर ते वाक्य सुबक अक्षरात लावलेलं होतं. दादांनी मान लववली. पाकीट फटीत जाईना. त्यांनी ते एकदा उभं धरून पाहिलं, एकदा आडवं, मग दोन्ही तळव्यांनी हवा दाबून सपाट केलं आणि आत सोडलं.

खाली पडल्याचा आवाज आला. दादांनी कान देऊन तो पुरता ऐकला, आणि मग हात मोकळे घेऊन उभे राहिले.